दहा माणसांचा संघ

२५ मे १९७५ रोजी मेरीलँडमधल्या लँडओव्हर इथे गोल्डन स्टेट वॉरियर्सने वॉशिंग्टन बुलेट्सला ९६-९५ असे हरवले आणि एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद सलग चार सामन्यांत मिळवले. अंतिम मालिकेत समोरच्या संघाला एकही सामना जिंकू न देण्याची ही लीगच्या इतिहासातली अवघी तिसरी वेळ. आधी १९५९मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने आणि १९७१मध्ये मिलवॉकी बक्सने हे करून दाखवले होते, पण ते दोन्ही संघ मालिकेपूर्वीच बलाढ्य म्हणून ओळखले जात. वॉरियर्सचे तसे काहीच नव्हते. नियमित हंगामातल्या ८२ सामन्यांपैकी त्यांनी ४८ जिंकले होते, बुलेट्सने ६०. हंगाम सुरू होण्याआधी तर बहुतेक जाणकारांनी त्यांना आपल्या पॅसिफिक विभागातही खालच्या जागी टाकले होते. साहजिकच हा विजय तेव्हापासून चमत्कारांच्या यादीत जाऊन बसला. मला ही नोंद अन्यायाची वाटते. चमत्कार मानले की कारणे शोधायची गरज उरत नाही, आणि या विजयाला तर ठसठशीत कारणे होती. ती सबंध हंगामभर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांतले सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रशिक्षक अल ॲटल्स यांची संघ वापरण्याची पद्धत.

आधी हा संघ कुठे उभा होता ते पाहू. वॉरियर्स मूळचे फिलाडेल्फियाचे. १९६२मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि १९७१मध्ये उपसागराच्या पलीकडे ओकलंडला गेले. जाताना त्यांनी नावात ओकलंडही घेतले नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोही ठेवले नाही. कॅलिफोर्नियाचे टोपणनाव घेतले, आणि त्या वर्षी घरचे काही सामने थेट सॅन डिएगोला खेळवले. मालक फ्रँकलिन म्युली यांना पैशाची चणचण कायम असे. १९७४च्या उन्हाळ्यात संघ आणखी पोकळ झाल्यासारखा दिसत होता. कॅझी रसेल लॉस एंजेलिसला निघून गेला, क्लाइड ली आणि जिम बार्नेटही गेले. सर्वांत मोठा धक्का म्हणजे अकरा हंगाम संघाचा आधारस्तंभ असलेला सेंटर नेट थर्मंड शिकागो बुल्सला दिला गेला. त्याच्या बदल्यात आला क्लिफर्ड रे, शिवाय काही रोख रक्कम. थर्मंडने शिकागोसाठी पहिल्याच सामन्यात, १८ ऑक्टोबर १९७४ रोजी, २२ गुण, १४ रीबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू), १३ असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणासाठी दिलेले पास) आणि १२ ब्लॉक (अडवलेले नेम) केले. एका सामन्यात चारही बाबतींत दोन आकडी कामगिरी लीगच्या नोंदींत त्याआधी कुणाच्याच नावावर नव्हती. वॉरियर्सने सोने देऊन पितळ घेतले, असे त्या रात्री कुणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता.

पण ॲटल्स यांना हवा होता तो रेसारखाच माणूस. बचाव करणारा, रीबाउंड खेचणारा, जोडीदारासाठी वाट अडवून धरणारा, आणि आपल्याला चेंडू मिळाला नाही म्हणून न रुसणारा. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच खेळाडू असतात आणि बदली खेळाडूंवर बंधन नसते. क्रिकेटच्या अकरांसारखे इथे काही ठरून गेलेले नसते आणि फुटबॉलसारखा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपतही नाही, तो पुन्हापुन्हा आत येऊ शकतो. नियम सर्वांना सारखाच, पण त्या काळचे बहुतेक प्रशिक्षक सात-आठ खेळाडूंवरच भिस्त ठेवत आणि प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, आल्या की तेही आणखी कमी करत. ॲटल्स यांनी दहा जण वापरले, हंगामात वापरले आणि प्लेऑफमध्येही वापरले. रे दमला की जॉर्ज जॉन्सन, बुच बियर्ड आणि चार्ल्स जॉन्सन यांच्या जागी फिल स्मिथ, चार्ल्स डडली किंवा जेफ मलिन्स, फॉरवर्डच्या जागी डेरेक डिकी, आणि हंगामाच्या उत्तरार्धात आलेला बुजुर्ग बिल ब्रिजेस. यांतली बरीच नावे बास्केटबॉलवेड्यांनाही आज आठवत नाहीत. कर्णधार रिक बॅरी सोडला तर एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे १५ गुणांपर्यंत गेली नाही. दुसऱ्या क्रमांकावर होता नवखा कीथ विल्क्स, १४.२ गुणांवर. त्या हंगामात तोच सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पुढे जमाल विल्क्स म्हणून ओळखला गेला. असे असूनही सरासरीने लीगमध्ये सर्वाधिक गुण या संघाने केले. ताज्या दमाचे खेळाडू चेंडू हिसकावत आणि समोरचा सावरायच्या आत पलीकडच्या रिंगपर्यंत पोचत. चौथ्या क्वार्टरमध्ये प्रतिस्पर्ध्याचे पाय जड झालेले असत, वॉरियर्सचे नसत.

ही पद्धत ॲटल्स यांनी पुस्तकातून उचललेली नव्हती. १९६० साली पाचव्या फेरीत निवडला गेलेला हा सहा फुटी गार्ड अकरा वर्षे तारकांच्या सावलीत खेळला होता. २ मार्च १९६२ रोजी हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. त्या रात्री त्याच संघातून ॲटल्स यांनी आठपैकी आठ नेम साधत १७ गुण केले होते, आणि त्याची आठवण कुणी ठेवली नाही. बेंचवरचा माणूस काय करू शकतो आणि त्याच्यावर विश्वास टाकला नाही तर त्याचे काय होते, हे ज्याने स्वतः भोगले आहे त्यालाच दहाव्या खेळाडूला अंतिम सामन्यात उतरवण्याची छाती होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बॅरी. त्या हंगामात त्याची सरासरी ३०.६ गुणांची होती. चेंडू हिसकावण्यात तो लीगमध्ये पहिला होता, आणि संघात सर्वाधिक असिस्टही त्याचेच. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मग पद्धत वगैरे सोडा, एका माणसाने संघ ओढून नेला असे का म्हणू नये? बॅरीचे मोठेपण नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. त्याचा फ्री थ्रो पाहिला तरी हा खेळाडू किती स्वतंत्र बुद्धीचा होता ते कळते. सगळे जग खांद्यावरून एका हाताने चेंडू टाकत असताना तो रेषेवर उभा राहून दोन्ही हातांनी चेंडू दोन्ही बाजूंनी धरी, गुडघे वाकवी, चेंडू मांड्यांच्या मध्ये खाली नेई आणि सैल हातांनी वर झुलवत सोडून देई. चेंडू स्वतःभोवती हलका फिरत जाई आणि रिंगला लागला तरी न उसळता आत पडे. लोक याला बायकी म्हणून हिणवत, आणि तो शंभरांतले नव्वद नेम साधून लीगमध्ये पहिला येई. पण हाच बॅरी १९६६-६७च्या हंगामात सरासरी ३५.६ गुण करत होता, संघात थर्मंडही होता, आणि अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाकडून ते हरले. नंतर तो प्रतिस्पर्धी एबीए लीगमध्ये गेला आणि १९७२मध्ये परतला. पुढचे दोन हंगाम बॅरी होता, थर्मंड होता, ॲटल्सही होते, विजेतेपद मात्र नव्हते. १९७४-७५मध्ये नवे काय होते? बॅरीभोवतीची माणसे आणि त्यांना मिळालेली मोकळीक. शिवाय बॅरीचा स्वभाव धारदार होता. सहकाऱ्याने चूक केली की त्याची नाराजी वरच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसे. त्या काळी हंगामातला सर्वोत्तम खेळाडू खेळाडूंच्याच मतदानाने ठरत असे, आणि या थोर हंगामानंतरही मतांत तो चौथा आला. अशा माणसाला कर्णधार करून त्याच्या भोवती नऊ जणांचा आत्मविश्वास टिकवून धरणे, हे काम गुणफलकावर कुठेही लिहिले जात नाही.

हे किती खरे आहे ते लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेत दिसले. पहिल्या मालिकेत सिअ‍ॅटलला ४-२ असे हरवल्यावर वॉरियर्ससमोर शिकागो उभे ठाकले. जेरी स्लोन आणि नॉर्म व्हॅन लियर हे गार्ड अंगावर येऊन बचाव करणारे, बॉब लव्ह आणि चेट वॉकर गुण करणारे, आणि मध्ये थर्मंड, आता पलीकडच्या पोशाखात. शिकागो ३-२ असे पुढे गेले. सहावा सामना शिकागोत, म्हणजे हरले तर हंगाम संपला. तो वॉरियर्सने ८६-७२ असा जिंकला. सातव्या सामन्यात ओकलंडला बॅरीचा नेम काही केल्या लागेना. संघ मागे पडत होता. ॲटल्स यांनी आपल्या कर्णधाराला बेंचवर बसवले आणि बाकीच्यांना खेळू दिले. त्यांनी अंतर भरून काढले, मग बॅरी परतला, आणि सामना ८३-७९ असा हातात आला. हंगामाचा सर्वांत अवघड क्षण, आणि त्या क्षणी लीगमधला एक सर्वोत्तम खेळाडू बाहेर बसलेला. एका माणसाने संघ ओढून नेल्याचा सिद्धांत या सामन्यापाशी अडखळतो. थर्मंडसाठी मात्र ती मालिका क्रूर ठरली. पुढे दोन वर्षे क्लीव्हलंडला खेळून तो निवृत्त झाला, विजेतेपदाविनाच.

अंतिम मालिकेआधीच एक गोष्ट घडली, तिच्यावरून आपल्या संघाकडून घरच्यांनाही किती अपेक्षा होत्या ते दिसते. ओकलंडचे मैदान मे महिन्यात बर्फावरच्या नाचांच्या कार्यक्रमासाठी आधीच देऊन टाकले होते. मग घरचे सामने उपसागर ओलांडून डेली सिटीतल्या काऊ पॅलेसमध्ये हलवावे लागले. गुरांच्या प्रदर्शनासाठी उभारलेली ही वास्तू १९४१ साली खुली झाली होती. म्हणजे ओकलंडच्या संघाने विजेतेपद मिळवले, पण अंतिम मालिकेचा एकही सामना ओकलंडमध्ये झाला नाही. ओकलंडसाठी ती वर्षे सुगीची होती. याच शहराच्या बेसबॉल संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकली होती. तरीही बास्केटबॉल संघ मे महिन्यापर्यंत टिकेल, असे तारखा ठरवणाऱ्या कुणालाच वाटले नव्हते.

पहिला सामना लँडओव्हरला. अर्ध्या वेळेला बुलेट्स १४ गुणांनी पुढे. तिथून वॉरियर्सने १०१-९५ असा विजय काढला, आणि त्यात बेंचवरून उतरलेल्या नवख्या फिल स्मिथचे २० गुण होते. या संघाची सगळी रीत मला या एका सामन्यात दिसते. १४ गुणांनी मागे असलेला प्रशिक्षक सहसा आपल्या भरवशाच्या पाचांना चिकटून राहतो, ॲटल्स यांनी पहिल्याच हंगामातल्या पोराला मैदान दिले. दुसरा सामना काऊ पॅलेसमध्ये ९२-९१, तिसरा १०९-१०१. या दोन्हींत बॅरीने अनुक्रमे ३६ आणि ३८ गुण केले, ते मान्यच केले पाहिजे. पण दुसऱ्या टोकाला बुलेट्सचा हुकमी एक्का एल्विन हेझ होता आणि त्याच्या अंगावर ॲटल्स यांनी त्याच्याहून उंचीने कमी, अंगाने सडपातळ विल्क्सला सोडले होते. विल्क्स चेंडू येण्यापूर्वीच जागा अडवी, हेझला आवडत्या ठिकाणी उभे राहू देत नसे, आणि दमला की त्याच्या जागी ताजा माणूस येई. हेझला ती मालिका सापडलीच नाही.

चौथ्या सामन्याचा प्रसंग तर पद्धतीची परीक्षाच होती. सामना नुकताच सुरू झाला होता, बुलेट्स जोरात होते. बॅरी रिंगकडे झेपावत असताना माइक रिओर्डनने त्याला मागून मानेभोवती हात घालून खाली ओढले. बॅरी चिडून हात उचलेल आणि त्याला मैदानाबाहेर काढले जाईल, असा डाव त्यामागे होता असे अनेकांनी मानले. बॅरी काही करायच्या आत ॲटल्स बेंचवरून धावत मैदानात घुसले आणि थेट रिओर्डनला भिडले. खेळाडू असताना दणकट बचावामुळे ‘डिस्ट्रॉयर’ हे नाव मिळवलेला तो माणूस होता. पंचांनी त्यांना बाहेर काढले आणि बॅरी मैदानात राहिला. उरलेला सामना सहायक प्रशिक्षक जो रॉबर्ट्स यांनी चालवला. संघ मागे होता, मुख्य प्रशिक्षक आत ड्रेसिंग रूममध्ये होते, आणि तरीही खेळाडूंची ये-जा तशीच सुरू राहिली. शेवटी बुच बियर्डने निर्णायक गुण केले आणि संघाने एका गुणाने सामना जिंकला. नियमित हंगामात बुलेट्स आपल्या मैदानावर ४१पैकी फक्त पाच सामने हरले होते. वॉरियर्सने तिथे आठ दिवसांत दोन जिंकले.

दुसरा आक्षेप नशिबाचा. चारपैकी दोन सामने एकेका गुणाने जिंकले, चेंडू रिंगवरून इकडेतिकडे गेला असता तर मालिका २-२ झाली असती. हे बरोबर आहे, आणि चार-शून्य हा आकडा दोन संघांतले खरे अंतर सांगत नाही हेही बरोबर. पण नशिबाने एखादा सामना समजावून सांगता येतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या, तीन वेगवेगळ्या सामन्यांत मोठी पिछाडी भरून काढली गेली, आणि प्रत्येक वेळी ती उत्तरार्धाकडे, समोरचा संघ दमत असताना भरली गेली, तेव्हा त्या योगायोगाला एक दिशा आहे. शिकागोविरुद्धच्या सातव्या सामन्यातही हेच घडले होते. ४८ विजयही नशिबाच्या खात्यात टाकता येत नाहीत. आकडा माफक असला तरी पश्चिमेत तो सर्वाधिक होता.

या मालिकेत आणखी काही घडले, त्याचा या चर्चेशी जवळचा संबंध आहे. बुलेट्सचे प्रशिक्षक के. सी. जोन्स. तेही कृष्णवर्णीय आणि ॲटल्सही. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळाच्या अंतिम मालिकेत दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय असण्याची ही पहिलीच वेळ होती. बिल रसेल १९६६मध्ये सेल्टिक्सचे खेळाडू-प्रशिक्षक झाले होते आणि त्यांनी दोन विजेतेपदेही मिळवली होती. त्या १९७५च्या वसंतात ते सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक होते. बेसबॉलमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, मैदानात उतरून जेमतेम दीड महिना झाला होता. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षक समोरासमोर यायला २००७ उजाडले. कुणी म्हणेल, खेळाच्या इतिहासात रंग कशाला आणता, हरजीत पाहा. हा आक्षेप मी मानला असता, जर त्या मालिकेतच रंगाचा हिशेब झाला नसता तर. एका टाइमआउटमध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने बुलेट्सच्या घोळक्यात डोकावले. सहायक प्रशिक्षक बर्नी बिकरस्टाफ फळ्यावर डाव आखत होते आणि जोन्स शेजारी गुडघ्यावर बसून ऐकत होते. सहायकाकडे आखणी सोपवणे ही प्रशिक्षकाची नेहमीची रीत. पण त्या काही सेकंदांवरून जोन्स यांना खेळातले कळत नाही असा बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी त्यांना काढण्यात आले आणि मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांना १९८३पर्यंत थांबावे लागले. मग बॉस्टनने संधी दिली आणि त्यांनी १९८४ आणि १९८६ अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली. हरलेल्या प्रशिक्षकाला डोके नव्हते म्हणून तो हरला आणि जिंकलेला चमत्काराने जिंकला, ही दोन्ही निदाने एकाच वेळी, एकाच मालिकेबद्दल झाली. दोन्हींत कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या बुद्धीचा हिशेब शून्य धरलेला आहे. हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

उरतो तिसरा आक्षेप. पद्धत इतकी पक्की होती तर पुढच्या वर्षी काय झाले? १९७५-७६मध्ये वॉरियर्सने ५९ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि पश्चिमेच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, आपल्याच मैदानावर, फीनिक्स सन्सकडून हरले. त्या सामन्याच्या सुरुवातीला बॅरीची फीनिक्सच्या रिकी सोबर्सशी मारामारी झाली. सहकारी मदतीला आले नाहीत म्हणून बॅरीने उत्तरार्धात मनापासून नेम साधलेच नाहीत, असा आरोप झाला. बॅरीने तो नेहमीच नाकारला. आरोप खरा असो वा खोटा, त्या दिवशी दहा जणांचा संघ एकसंध दिसला नाही एवढे नक्की. ही पद्धत माणसांच्या परस्परविश्वासावर चालते, आणि विश्वास उतरला की दहा माणसांचा उपयोग पाच माणसांइतकाही होत नाही. ही तिची खरी मर्यादा आहे. पण तिच्यावरून १९७५चा विजय आपोआप घडल्याचे ठरत नाही. उलट तो टिकवणे किती कठीण होते ते ठरते. वॉरियर्सचे पुढचे विजेतेपद त्यानंतर तब्बल चाळीस वर्षांनी आले. मधल्या काळात मालक बदलले.  २०१५मध्ये प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या वॉरियर्सने संख्येच्या बळाची घोषणा छातीवर मिरवली आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो नियमित हंगामात एकही सामना पहिल्या पाचांत न खेळलेला आंद्रे इग्वोडाला. तेव्हा मात्र कुणी चमत्कार म्हटले नाही. प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीवर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ती योग्यच होती.

ॲटल्स १९८३पर्यंत प्रशिक्षकपदी राहिले, ५५७ सामने जिंकले, आणि त्यानंतरही याच संस्थेत वेगवेगळ्या जबाबदाऱ्या सांभाळत राहिले. त्यांचा १६ क्रमांक संघाने कायमचा बाजूला काढून ठेवला. ऑगस्ट २०२४मध्ये, ८७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्यांना २०१९मध्ये, विजेतेपदानंतर ४४ वर्षांनी घेतले, आणि तेही प्रशिक्षक म्हणून नाही. खेळाला हातभार लावणाऱ्यांसाठी तिथे एक वेगळा वर्ग आहे, त्यात घेतले.